हडळ ऐरोलीला येते

ऐरोली, ९ जून २०२४

आदरणीय सुनयनाबाई यांना नमस्कार,

तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तुम्हाला वयाच्या नवव्या वर्षापासून ओळखतो. माझं नाव आशुतोष. ऐरोलीच्या एका कंपनीत विम्याचे क्लेम तपासायचं काम करतो. आमच्या ऑफिसातली अबोली कोल्हापूरची आहे. तिच्या काकांनी तुमचा पत्ता काढून दिला आणि सांगितलं, "बाईंना ऐकू कमी येतं, फोनवर ओरडून उपयोग नाही. पत्र लिहा, त्या वाचतात." म्हणून हे पत्र.

तुमचा 'हडळीचं हळदीकुंकू' हा सिनेमा मी किती वेळा पाहिला असेल याचा हिशेब नाही. माझ्याकडे त्याची जुनी सीडी आहे, चरे पडलेली. तुम्ही विहिरीतून बाहेर येता. पाण्यातून आलेली बाई, पण केस कोरडे, लिपस्टिक जागच्या जागी, नखांना चंदेरी कागद! आणि तो कोतवाल थरथरत विचारतो, "मेलीस ना तू?" तेव्हा तुम्ही पदर झटकून म्हणता, "मेले म्हणून काय नटायचं सोडू?" या एका वाक्यावर आम्ही मित्र अक्षरशः लोळतो.

महिन्यातून एका शनिवारी आम्ही माझ्या खोलीवर असे जुने भुताचे विनोदी सिनेमे लावतो. अबोली असते, तेजस असतो, घरमालकीणबाईंचा मुलगा विपुल असतो. त्याचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे, त्यामुळे पडदा, स्पीकर सगळं घरचंच. या दिवाळीत तुमचा सिनेमा गच्चीवर मोठ्या पडद्यावर लावायचा बेत आहे. तुम्ही याल का? येण्याजाण्याची सगळी सोय आम्ही करू. नाही म्हणालात तरी चालेल, पण या पत्राला दोन ओळी उत्तर आलं तर मी ते फ्रेम करून लावीन.

तुमचा चाहता,
आशुतोष


कोल्हापूर, २० जून २०२४

श्री. आशुतोष यांस,

पत्र पोचले. लोळता म्हणालात, ते वाचले.

तो सिनेमा एकोणनव्वद साली आला. त्याआधी मी नाटकात कामे केली, लोकांनी डोळ्यांतून पाणी काढले अशी कामे. ती कुणाला आठवत नाहीत. हडळ मात्र सगळ्यांना आठवते. भाजी घ्यायला गेले की मागून पोरं किंचाळायची. एका बारशाला गेले होते, तिथे बाळाच्या आजीने मला बघून बाळ आत नेले. बाई शिकलेली होती. दोन महिन्यांनी मलाच हसत हसत सांगत होती.

केस कोरडे होते कारण विहिरीला पाणी नव्हते. दुष्काळ होता आणि निर्माता टँकर मागवायला तयार नव्हता. तुम्हाला त्यात हसू येते, ठीक आहे. पण मी पाच दिवस त्या कोरड्या विहिरीत शिडीवर उभी होते, आणि जीव ओतून काम करत होते. माझी टिंगल बघायला मुंबईपर्यंत यायची या वयात हौस नाही.

तुम्ही सभ्य दिसता म्हणून उत्तर दिले. फ्रेम वगैरे करू नका.

सुनयना


ऐरोली, ३ जुलै २०२४

आदरणीय सुनयनाबाई,

तुमचं पत्र वाचून मी दिवसभर कानकोंडा झालो. विपुल म्हणाला, "तू लोळतो लिहिलंस, का लोळतो ते लिहिलंस का?" बरोबर आहे त्याचं. ते लिहितो. थोडं धीट होऊन लिहावं लागेल.

मी गे आहे, बाई. मला पुरुषच आवडतात. आईबाबांना माहीत आहे. त्यांचं माझं बोलणं आहे, पण त्या विषयाला वळसा घालून. लहान होतो तेव्हा मला काही नाव माहीत नव्हतं, एवढंच कळायचं की माझ्या चालण्यात, हात हलवण्यात काहीतरी आहे ज्याला पोरं हसतात आणि मोठी माणसं टरकतात. बाबा म्हणायचे, "सरळ चाल." मी सरळ चालायचा इतका सराव केला की पाय दुखायचे.

आणि मग मामाकडे सुट्टीत तुमचा सिनेमा लागला. तुमच्या हडळीला, मोहोरबाईला, लोक हसतही होते आणि तिला टरकतही होते. म्हणजे माझ्यासारखंच. फक्त तिला त्याची लाज नव्हती! ती कंबर हलवत सगळ्या गावातून चालत जाते, आणि पाटील, कोतवाल, गुरुजी, सगळी शहाणी माणसं झाडावर चढून बसतात. सिनेमातली नायिका बिचारी सुती साडीत रडत असते. जांभळी साडी कुणाला? भुताला. उत्तम वाक्यं कुणाला? भुताला. मामी म्हणाली, काय हा वेडगळ सिनेमा. मी मात्र संध्याकाळी चादर गुंडाळून आरशासमोर तुमच्यासारखा चालत होतो. तेव्हा पहिल्यांदा माझे पाय दुखले नाहीत.

आमच्या शनिवारच्या घोळक्यात बहुतेक जण असेच आहेत. आम्ही हसतो ते तुम्हाला नाही. आम्ही हसतो कारण सगळं खोटं आहे, वटवाघूळ दोऱ्याला बांधलेलं दिसतंय, धूर उदबत्तीचा आहे, आणि त्या सगळ्या खोट्याच्या मधोमध तुम्ही इतक्या खऱ्या मनाने भूत झाला आहात की आम्हाला सुटल्यासारखं वाटतं. विपुल तर तुमच्या प्रवेशाला उभा राहून शिट्टी मारतो. एरवी तो फार शांत माणूस आहे, विपुल.

राग गेला नसेल तर हे शेवटचं पत्र समजा. गेला असेल तर कळवा.

आशुतोष


कोल्हापूर, १६ जुलै २०२४

चि. आशुतोष, खुशाल राहा.

राग गेला. उगाच एका दिवसात गेला नाही, पत्र तीनदा वाचले तेव्हा गेला. आता मला बाई म्हणू नकोस, मावशी म्हण. मीही तुला अरे-तुरेच करणार.

तुला एक गंमत सांगते. ती चाल माझी नाही. मी नाटकातली, खांदे पाडून रडणारी बाई. दिग्दर्शक म्हणाला, हडळ पाहिजे, ही तर विधवा वाटते. तेव्हा आमचा मेकअपवाला सिताराम पुढे आला. अंगाने काटक, तोंडात कायम टाचण्या. तो म्हणाला, "सुनयना, बघ," आणि त्या कोरड्या विहिरीपासून वडापर्यंत चालून दाखवले. मान अशी, कंबर अशी, हात जणू काही पाण्यातून काढतोय. सगळे युनिट बघत राहिले. मग कुणीतरी हसले आणि तोही हसला, पटकन टाचण्या गोळा करायला खाली वाकला. मी ती चाल त्याच्याकडून शिकले. आणि जांभळी साडीही त्यानेच निवडली, दिग्दर्शकाने पांढरी आणली होती. सिताराम म्हणाला, "मेलेल्या बाईला निदान रंग तरी मनासारखा मिळू दे."

सिताराम तुमच्यातलाच होता. त्या काळात त्याला काही शब्द नव्हता, जे होते ते शिव्यांतले होते. तेव्हा तू नवव्या वर्षी चादर गुंडाळून ज्याच्यासारखा चाललास, तो मी नव्हे, तो होता. त्याला हे कळले असते तर दोन दिवस जेवला नसता आनंदाने. पाच वर्षांपूर्वी गेला.

दिवाळीचे बघू. गुडघे काय म्हणतात त्यावर आहे. आणि हा विपुल कोण? तुझ्या पत्रात तो सारखा दारातून डोकावतो. मी बहिरी आहे, आंधळी नाही.

तुझी,
सुनयनामावशी


ऐरोली, १९ सप्टेंबर २०२४

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला. गणपतीत विपुलला मंडपांमुळे श्वास घ्यायला वेळ नव्हता, मीही त्याच्या मदतीला होतो.

सितारामकाकांबद्दलचं पत्र आम्ही दोघांनी मिळून परत वाचलं. मग विपुलने परत सीडी लावली, तुमचा विहिरीपासून वडापर्यंतचा तुकडा. म्हणाला, "म्हणजे आपलाच माणूस होता तिथे."

तुम्ही ओळखलंतच. विपुल आणि मी चार वर्षं एकत्र आहोत. जगाच्या दृष्टीने मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. त्याची आई, सगुणामावशी, मला जीव लावतात. त्या इथल्या मूळच्या आगरी. जमीन सरकारने शहरासाठी घेतली, त्या पैशात ही तीन मजली बिल्डिंग उभी राहिली. नवरा लवकर गेला, सगळं एकटीने सांभाळलं. तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण खाली झालं की एक वाटी वर येतेच.

दिवाळीचा कार्यक्रम मात्र पुढे ढकलावा लागेल. विपुलचं लग्न ठरतंय. घणसोलीची मुलगी आहे, नमिता, शाळेत शिकवते. पाहण्याचा कार्यक्रम झाला, तिकडून होकार आला. डिसेंबरात साखरपुडा. विपुल आईला नाही म्हणू शकत नाही. तिने त्याच्यासाठी काय काय सोसलंय ते सगळ्या गावाला माहीत आहे. तो म्हणतो, लग्न झालं तरी आपल्यात काही बदलणार नाही, मी वर येत जाईन. मी विचार केला, आणि मला चालेल. सगळ्यांचीच सोय होते. काळजी करू नका, मी ठीक आहे. परवा आम्ही एक नवीन सिनेमा पाहिला, त्यात भूत फ्रिजमध्ये राहतं. फार हसलो.

तुमचा,
आशुतोष


कोल्हापूर, २७ सप्टेंबर २०२४

चि. आशुतोष,

पत्र आजच मिळाले आणि आजच लिहायला बसले आहे.

मागच्या पत्रात मी सितारामला मेकअपवाला म्हटले. ते खरे होते, पण पुरते नव्हते. सिताराम माझा नवरा होता.

एक्क्याऐंशी साली आमचे लग्न झाले. त्याच्या आईने उपास धरला होता, लग्न कर नाहीतर मी अन्न सोडते. त्याने केले. चांगला माणूस, आशुतोष. कधी आवाज चढवला नाही. माझे पोलके तो शिवायचा, माझ्या केसांना तेल लावायचा. बाया म्हणायच्या, सुनयना, नशीब काढलेस. आणि मी खोलीचे दार लागले की भिंतीकडे तोंड करून पडायची. मला वाटायचे माझ्यातच काही कमी आहे. रोज तोंडाला रंग लावताना मी आरशाला विचारायची, काय कमी आहे माझ्यात? आरसा त्याच्याच हातात असायचा.

मी नवस केले, डॉक्टर केले. सासू मला चारचौघांत वांझ म्हणायची. तो ऐकायचा आणि मान खाली घालून जेवायचा. आठ वर्षे. मग त्या सिनेमाच्या वेळी, ती चाल दाखवली त्याच दिवशी, मेकअपच्या खोलीत त्याने मला सांगितले. मी रडेन असे त्याला वाटले. मी रडले नाही. मला हलके वाटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळले की मी धडधाकट बाई आहे.

त्यानंतर आम्ही मैत्रिणींसारखे राहिलो, खोटे कशाला सांगू, लई हसलो आयुष्यात. पण मी एकतीस वर्षांची झाले होते. त्या आठ वर्षांत कुणीतरी मला बाई म्हणून हवी म्हटले असते. ते राहिले ते राहिलेच.

तू लिहितोस, मला चालेल. विपुलला चालेल. त्याच्या आईला चालेल. त्या नमिताला कुणी विचारले? घरात तिसरे माणूस राहते आणि तेच अंधारात असते, ते मी होऊन बघितले आहे. ती आरशाला काय विचारेल ते मला इथे बसून ऐकू येते.

तू मला आवडतोस म्हणून लिहिले. आवडत नसतास तर आशीर्वाद देऊन मोकळी झाले असते.

मावशी


कोल्हापूर, १२ नोव्हेंबर २०२४

चि. आशुतोष,

दिवाळी गेली, पत्र नाही. मी जास्त बोलले का? शेजारच्या पोराला सांगून तुझ्या अबोलीच्या काकांकडे निरोप पाठवला होता, ते म्हणाले, मुलगा कामावर जातो-येतो, ठीक आहे. तेवढ्यावर समाधान मानते आहे. लिहावेसे वाटले तर लिही. राग असला तर तोही लिही. मी तुझ्यावर एकदा रागावले होते, फिटंफाट होईल.

मावशी


ऐरोली, ८ डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

राग आला होता. इतका की तुमचं पत्र घडी घालून कपाटात ठेवलं आणि विपुलला दाखवलंच नाही. मला वाटलं, ह्यांना काय माहीत इथलं. मग वाटलं, ह्यांनाच तर माहीत आहे. मी त्याला टाळायला लागलो. तो वर आला की मी क्लेमच्या फाइली काढून बसायचो.

नवरात्रात तो मंडपावर माळा लावत होता. मी खाली शिडी धरून उभा. तो वरूनच म्हणाला, "साखरपुड्याचा हॉल बघायला रविवारी येशील?" आणि मी शिडी सोडून खाली पायरीवर बसलो. रडू आवरेना. तो उतरला. लोक बघत होते. मग मंडपाच्या मागे, कापडांच्या गठ्ठ्यांवर बसून मी त्याला तुमचं सगळं सांगितलं. विपुल माळेची गाठ सोडवत बसला. मग म्हणाला, "ती पाहायच्या दिवशी मला विचारत होती, तुम्हाला वाचायला आवडतं का. मी नाही म्हटलं. तरी हसली. चांगली आहे रे ती."

दुसऱ्या दिवशी त्याने तिला रबाळ्याच्या तलावापाशी भेटायला बोलावलं आणि सांगून टाकलं. मी तिथे नव्हतो, त्याने सांगितलं ते लिहितो. नमिता भडकली. "माझ्या आईने तुझ्या घरच्या सगळ्या गोतावळ्याला जेवायला घातलं, तेव्हा का नाही बोललास?" विपुल म्हणाला, "तूच नकार दे. मी आवडलो नाही सांग, सोपं जाईल." तर ती म्हणाली, "तुझं ओझं मी का उचलू? उद्या लोक म्हणतील, हिचंच काहीतरी असेल. नकार तू द्यायचास, आणि तुझ्या आईला खरं कारण सांगायचंस. माझ्या घरी मी माझं बघते." जाताना मागे वळून म्हणाली, "आत्ता सांगितलंस म्हणून थँक्यू म्हणणार नाहीये. पण आत्ता सांगितलंस हे बरं केलंस."

मग राहिल्या सगुणामावशी. दुपारी अंगणात सुका जवळा निवडत बसल्या होत्या. विपुल समोर मांडी घालून बसला, मी जिन्यात उभा. त्याने सांगितलं. त्यांचे हात जवळ्यात तसेच चालत राहिले. सगळ्यात आधी म्हणाल्या, "नमिताला सांगितलास? मना सांगायच्या आदी?" मग म्हणाल्या, "कदीपास्ना?" तो म्हणाला, लहानपणापासून. त्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मंग मना कसा नाय दिसला? मी तुजी आय हाय." तेवढंच बोलून आत गेल्या.

त्यानंतर घरात मुकेपणा. विपुलला ताट वाढायच्या, बोलायच्या नाहीत. वाटी वर यायची बंद झाली. मी जिन्यावरून गेलो की टीव्हीचा आवाज वाढायचा. मी दुसरीकडे खोली बघायला लागलो होतो, मावशी, खरंच. घर सोडून जायचं म्हणजे काय ते मला माहीत आहे. पुस्तकं खोक्यात भरून झाली होती.

गेल्या आठवड्यात सकाळी ऑफिसला निघायच्या घाईत मी पाण्याची मोटर लावून विसरलो. टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहायला लागलं. आणि खालून आवाज आला, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा, "आशूऽ! मोटर बंद कर! पानी चाललाय सगला वाया!" मी धावत वर गेलो, मोटर बंद केली, आणि तिथेच ओल्या गच्चीवर बसून हसत सुटलो. आशू म्हणाल्या! इतक्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं नव्हतं. खाली आलो तर उंबऱ्यातच उभ्या होत्या. खोक्यांबद्दल विपुलने सांगितलं असावं. म्हणाल्या, "कुटं चाललास रं? भाडेकरू कदी न सांगता जातो काय?" मी म्हटलं, "नाही जात." "मंग जेवून जा," म्हणाल्या. ऑफिसला उशीर झाला. कालवण तिखट होतं, नेहमीपेक्षा.

सगळं ठीक झालंय असं नाही म्हणत. त्या अजून विपुलशी मोजकंच बोलतात. कधी एकट्याच बसलेल्या दिसतात. पण श्वास घेता येतोय.

आता गच्ची कोरडी आहे. तुम्ही याल?

आशुतोष


कोल्हापूर, १७ डिसेंबर २०२४

चि. आशुतोष आणि चि. विपुल,

या पत्रावर दोघांची नावे घातली आहेत, पोस्टमनने काय समजायचे ते समजू दे.

पत्र वाचले आणि उठून खिडकी उघडली. थंडी असून उघडली. त्या नमितासाठी पहिली देवाला साखर ठेवली, मग तुम्हा दोघांसाठी. पोरगी खमकी आहे. मला अशी कुणी पाठीशी हवी होती.

मी येते. फेब्रुवारीत थंडी ओसरली की. दिवसाच्या बसने येईन, खिडकीची जागा बघा. सिनेमा उजेड मावळला की लगेच लावायचा, मला नऊला झोप लागते. आणि सगुणाबाईंना आधी सांगून ठेवा कोण येणार आहे. हडळ घरात घ्यायची की नाही हे घरच्या बाईने ठरवायचे असते.

मावशी


कोल्हापूर, २० फेब्रुवारी २०२५

चि. आशुतोष,

सुखरूप पोचले. गुडघे रुसले आहेत, मी नाही.

गच्चीवरचे तू सगळे पाहिलेस, ते काय लिहू. एवढी पोरंपोरी, कुणी नखं रंगवून, कुणी जांभळ्या ओढण्या गुंडाळून आलेली! मी पडद्यावर आले तेव्हा ती शिट्टी मला, हो मला, ऐकू आली. कोल्हापुरात पस्तीस वर्षं लोक मागून ओरडले, समोर उभे राहून टाळ्या तुम्हीच वाजवल्यात. सीडी वडापाशी अडकली आणि सगळे हळहळले, तेव्हा मी उठले ते ठरवून नव्हे. गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले ते पायांनीच आपणहून केले. सिताराम असता तर म्हणाला असता, मान अजून वर.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोघे कामावर गेल्यावर खाली काय झाले ते तुला माहीत नाही. ते सांगायलाच हे पत्र.

सितारामचे सगुणाबाईंना विपुलने सांगितलेले होते. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावले, दार लोटले, तव्यावर भाकरी टाकली आणि माझ्याजवळ येऊन अगदी हळू काहीतरी बोलल्या. मी म्हटले, काय? त्या थोड्या मोठ्याने बोलल्या. मी हात कानाला लावला. त्यांनी दाराकडे बघितले, खिडकीकडे बघितले, परत बोलल्या. मला नुसते ओठ दिसले. मी म्हटले, "बाई, मी ठार बहिरी आहे, मोठ्यांदा बोला." तेव्हा त्या बिचाऱ्या बाईने डोळे मिटले आणि ओरडल्या, "माजा पोर तुमच्या नवऱ्यासारका हाय! त्याला बायको नको हाय! त्याला वरचा आशू पायजे! मी काय करू?"

हे मात्र मला ऐकू आले. पण आशुतोष, ते बाहेरही गेले. आळीतले भांडी घासण्याचे आवाज थांबले म्हणे, हे त्यांनीच मला नंतर सांगितले. आणि मग समोरच्या खिडकीतून तुमची ती शेजारीण उज्वला म्हणाली, तिचे शब्द सगुणाबाईंनी माझ्या कानाशी ओरडून सांगितले, "सगुना, आमाला सगल्यांना माहीत हाय ग! तुजी भाकर जलते, ती बग आदी!"

भाकरी खरेच करपली होती. सगुणाबाई खाली बसल्या आणि मला वाटले रडतात. बघते तर हसत होत्या. पदर तोंडात धरून, अंग गदगदा हलवत. मग रडल्याही थोड्या. म्हणाल्या, इतके महिने खिडक्या लावून बसले, आणि कुणासाठी? मी काय करू, हे त्यांनी परत विचारले. मी म्हटले, करायचे काही नाही. दोन वाट्या वर पाठवायच्या, एक नको.

मला त्यांनी सिताराम कसा होता विचारले. मी सांगितले, चांगला होता, फक्त घाबरलेला होता. त्या म्हणाल्या, माझा पोर घाबरलेला नको. बस्स, एवढेच.

मावशी


ऐरोली, १६ मार्च २०२५

प्रिय मावशी,

दोन वाट्या येतात. पहिल्या दिवशी विपुलने त्या पाहिल्या आणि जिन्यातच उभा राहिला, त्याला वर यायला थोडा वेळ लागला.

आळीत विशेष काही झालं नाही. म्हणजे झालं, पण सोसण्याइतकं. एका काकांनी विपुलला मंडपाची ऑर्डर द्यायची बंद केली. उज्वलाकाकूंनी त्यांच्या भाचीच्या हळदीची दिली. अबोली म्हणते, तुमच्या सिनेमात अख्खं गाव झाडावर चढलं होतं, इथे एकच माणूस चढला.

काल एक गोष्ट घडली, ती तुम्हाला कळवायची होती. सगुणामावशी सकाळीच लुगडं बदलून तयार. म्हणाल्या, "विपुल, गाडी काढ. घनसोलीला जायचा हाय." नमिताच्या घरी. मला म्हणाल्या, "तू पन चल. मागं बस." मी गाडीतच थांबलो, पण घराचं दार उघडं होतं, सगळं दिसत आणि ऐकू येत होतं.

नमिताच्या आईने पाणी दिलं, बसा म्हटलं नाही. सगुणामावशी उभ्यानेच बोलल्या. "तुमच्या पोरीत कायच खोट नवती. चूक माज्या घरची. मी माज्या पोराला न विचारता तुमच्या दारात आलते. माफी मागाया आलंय." नमिताच्या आईचे डोळे भरले, रागाने का कशाने कळेना. मग आतून नमिता चहाचा ट्रे घेऊन आली, स्वतः. सगुणामावशींना खुर्ची ओढून दिली. बाहेर बघून मला हाक मारली, "तुम्ही पण या की आत, चहा गार होईल." मी गेलो. चहात साखर कमी होती आणि मला ती मागायचा धीर झाला नाही. निघताना तिने विपुलला एक पुस्तक दिलं. म्हणाली, "वाचत नाहीस ना, सुरुवात कर."

घरी येताना गाडीत सगुणामावशींनी काच खाली केली आणि खाडीचा वारा तोंडावर घेत बसल्या.

आज रविवार. जेवणं झाली. खाली सगुणामावशी टीव्ही चालू ठेवून कॉटवर झोपल्यात, तोंड उघडं टाकून, घोरतायत. गेले कित्येक महिने त्या दुपारी डोळा लावत नव्हत्या. विपुल इथे माझ्या शेजारी पुस्तक छातीवर ठेवून झोपलाय, तिसऱ्या पानापर्यंत पोचला. दार सताड उघडं आहे. वारा येतोय म्हणून उघडं ठेवलंय, दुसरं काही कारण नाही.

पेनाच्या आवाजाने तो आत्ता जरा जागा झाला. डोळे न उघडताच विचारलं, "कुणाला लिहितोयस?"

"माहेरी," मी म्हटलं.

तो हसला आणि कूस बदलून परत झोपला.

तुमचा,
आशू